हलकीफुलकी कादंबरी सुचवताना

प्रश्न : आजवर मी बहुतांशी गंभीर, सामाजिक कादंबऱ्या वाचत आले. आता काही दिवस निव्वळ आनंदासाठी वाचावे, असे वाटते. वाचनवेड्या मैत्रिणींना विचारले, तर प्रत्येकीने वेगळे नाव सांगितले, आणि त्यांपैकी एकही पुस्तक माझ्याच्याने शेवटपर्यंत वाचवले नाही. माझ्यातली रसिकता कमी पडते आहे का?

उत्तर : तसे मुळीच नाही. ‘फार मजा येते’ एवढे सांगून आपण दुसऱ्याच्या हाती पुस्तक देतो. पण ती मजा कशातून येते, हे सांगायचे राहून जाते आणि तिथेच शिफारस फसते. इंग्रजी विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊस यांच्या कादंबरीत पुढे काय होणार, याची उत्कंठा दुय्यम असते. खरा आनंद त्यांच्या वाक्यावाक्यांत असतो, त्यामुळे भरभर पाने उलटणाऱ्या वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. याउलट अलेक्झांडर ड्यूमा यांची ‘थ्री मस्केटिअर्स’ ही 1844 मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी. पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणे हा तिचा धर्मच आहे. नुकताच पॅरिसला आलेला दार्तान्यां तीन अनोळखी माणसांशी एकाच दिवशी, बारा, एक आणि दोन वाजता, अशी तीन द्वंद्वे ठरवून बसतो, तेथपर्यंत पोहोचलेला वाचक सहसा पुस्तक खाली ठेवत नाही. तेव्हा मैत्रिणींना पुस्तकाचे नाव विचारण्याआधी, तुम्हाला भाषेची गंमत हवी आहे की घटनांचा वेग, हे त्यांना सांगा.

तुम्ही गंभीर साहित्याच्या वाचक आहात, म्हणजे वाक्याकडे लक्ष देण्याची सवय तुम्हाला आहे; म्हणून मी वुडहाऊसच सुचवीन. सुरुवात 1934 च्या ‘राइट हो, जीव्ह्‌ज’ने करावी. त्यातील शाळेच्या बक्षीस समारंभाचा प्रसंग इतका नेटका बांधलेला आहे की त्यासाठी आधीची सारी प्रकरणे वाचावीत. त्यानंतर 1938 ची ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ घ्यावी, कारण पहिल्या कादंबरीत जुळलेल्या आणि फिसकटलेल्या लग्नांचे धागे तिच्यात पुढे येतात. हा क्रम उलटला तर निम्मी गंमत जाते. हे दोन्ही पचनी पडले नाही, तर ज्यूल व्हर्न यांची ‘ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा’ घ्या. वीस हजार पौंडांची पैज आणि डोक्यावर सतत टांगलेली मुदत, एवढ्यावर ती शेवटपर्यंत धावते. मात्र तिचा शेवट कोणाकडूनही आधी ऐकू नका.

प्रश्न : अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या कोणत्याही क्रमाने वाचल्या तरी चालतात, असे अनेक चाहते सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : बहुतेक कादंबऱ्यांपुरते खरे आहे, परंतु काही अपवाद महत्त्वाचे आहेत आणि ते न सांगणारा चाहता नकळत दुसऱ्याचा आनंद हिरावून घेतो. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (1934) ही ‘कार्ड्‌स ऑन द टेबल’च्या (1936) आधीच वाचली पाहिजे, कारण दुसऱ्या कादंबरीत ख्रिस्ती यांचा गुप्तहेर प्वारो बोलता बोलता पहिलीचे रहस्य सांगून टाकतो. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (1926) मात्र अगदी पहिली वाचू नये. रहस्यकथेचे रूढ संकेत अंगवळणी पडलेल्या वाचकालाच तिची करामत पुरती उमगते, म्हणून आधी दोन-तीन कादंबऱ्या वाचाव्यात. ‘डेथ ऑन द नाइल’ (1937) ही त्या दृष्टीने उत्तम सुरुवात आहे. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कर्टन’ ही प्वारोची अखेरची कथा असल्यामुळे ती शेवटीच वाचावी, याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

प्रश्न : मूळ मराठीतील रंजक कादंबरी सुचवाल का? धाकट्या भावाला वाचनाची गोडी लावायची आहे.

उत्तर : सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकथा त्याला द्या. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे वेगवेगळ्या स्वभावांचे नायक त्यांनी उभे केले आहेत. त्यांपैकी एखादा आवडला की त्याच नायकाची पुढची पुस्तके भाऊ आपणहून मागेल. त्यांची ‘दुनियादारी’ अतिशय लोकप्रिय असली, तरी पहिले पुस्तक म्हणून ती देऊ नका. कॉलेजातील मैत्रीचे खेळकर वातावरण तिच्यात भरपूर आहे, पण ती मनावर जो भार ठेवते, तो हलक्याफुलक्या वाचनाच्या अपेक्षेने आलेल्या मुलाला जड जाऊ शकतो. आणि पुस्तक दिल्यावर ‘कुठवर आलास?’ असे रोज विचारू नका. आवडले नाही तर अर्धवट सोडण्याची त्याला मुभा द्या आणि दुसऱ्या नायकाचे पुस्तक जवळ ठेवा.