सध्या मला भरती-ओहोटीचं वेड लागलंय

तुम्ही विचारलंय की सध्या कशात मन रमतंय आणि रोजच्या धावपळीत फुकटात मिळणारा एखादा आनंद सांगा. बाकी चारचौघींसारखंच आहे, ग्रिलमध्ये गवती चहा आणि पुदिना लावलाय, रविवारी दुपारी जुनी गाणी लावून कपाट आवरणं मला प्रामाणिकपणे आवडतं (घरचे हसतात). पण फुकटातलं खरं वेड म्हणाल तर भरती-ओहोटी.

मी नेरूळला राहते आणि रोज हार्बर लोकलने सीएसएमटीला जाते. वाशी सुटलं की मानखुर्द यायच्या आत गाडी ठाण्याची खाडी ओलांडते, 1992 पासून लोक तो पूल ओलांडतायत आणि बहुतेक जणी तेव्हा मोबाइलमध्ये असतात. मीपण असायचे. आता मी वाशीलाच दाराशी सरकते आणि मनात ठरवते, आज पाणी असणार की चिखल. पाणी असलं तर खाडी अगदी तिवरांच्या बुंध्यापर्यंत भरलेली, ओहोटी असली तर लांबच लांब करडा चिखल, त्यावर बगळे, शेकाटे, आणि सीझनमध्ये गुलाबी ठिपके. अंदाज बरोबर आला की दिवसभर उगाच खूश.

आता हा अंदाज कसा बांधायचा ते मला आमच्या मासळीवाल्या मावशींनी शिकवलं. एकदा पापलेटचा भाव ऐकून मी कुरकुर केली तर म्हणाल्या, भांग चाललाय, मासळी कुठनं येणार. मला कळेना. मग त्यांनी विचारलं, "कालनिर्णय हाय ना घरान?" आणि हिशोब सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. एकादशीला सव्वाआठ. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे सकाळी सव्वाआठ-साडेआठला पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच. मी साडेआठच्या सुमारास पुलावर असते त्यामुळे मला एकादशी म्हणजे पाणी आणि तृतीया म्हणजे चिखल हे पाठच झालंय, उपासाशी माझा काही संबंध नाही.

अगदी घड्याळ लावून जाऊ नका. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, भरतीपण तेवढीच पुढे सरकते आणि पाऊणपटीत आपण 45 च धरतो, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येपर्यंत हिशोब पाऊण-एक तास मागे पडतो, पुढे प्रतिपदेला परत जागेवर. शिवाय खाडीत आतपर्यंत पाणी चढायला अजून थोडा वेळ लागतो. पण ॲप नसलेल्या माणसाने नुसत्या कॅलेंडरवर इतकं जवळ जाणं म्हणजे कमाल आहे ना!

आणि भांग म्हणजे काय तर अष्टमीच्या आसपासची मरगळलेली भरती. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि आपण एका रेषेत येतो, दोघांची ओढ एकत्र लागते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीला दोघं काटकोनात ओढतात म्हणून पाण्यात जोर नसतो. डोलीचं जाळं, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवरच चालतं, ओढ नाही तर जाळ्यात येणार काय, म्हणून भांगात मासळी कमी आणि भाव चढा. हे कळल्यापासून मी मासळी तिथी बघून घेते. सासूबाईंना वाटतं मी धार्मिक झालेय.

मग हे वेड वाढतच गेलं. मला कळलं की आमची नवी मुंबईच या हिशोबावर उभी आहे. बराच भाग खाडीत भराव घालून केलेला, काही सेक्टर भरतीच्या पातळीपेक्षाही खाली, म्हणून सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) होल्डिंग पाँड बांधले. भरती आली की खाडीकडची दारं बंद, पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं, ओहोटी लागली की दारं उघडून ते खाडीत जातं. आम्ही ज्यांना तलाव समजून संध्याकाळी फेऱ्या मारतो त्यातले काही हेच पाँड. म्हणून मोठा पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की पोटात गोळा येतो, पाण्याला जायला वाटच नसते.

फ्लेमिंगोंचं गणितही हेच. साधारण नोव्हेंबर ते मे ते इथे असतात. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात, भरतीने चिखल बुडला की उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येतात, टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे आणि डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर. लोक फोटो बघून भलत्याच वेळी येतात आणि "इथे काहीच नाही" म्हणून परत जातात, मला फार वाईट वाटतं. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झाली, ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने पण नेतात, तिथेही बोटीची वेळ भरतीवरच ठरते. दोन जाती असतात, चोच बघा: गडद लाल-काळपट असेल तर लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा.

यायचं असेल तर जानेवारी ते एप्रिलमधली द्वादशी-त्रयोदशी धरा, सकाळी नऊ-दहाला भरती, ऊन पाठीवर असेल अशा बाजूला उभं राहा. भांगात येऊ नका, चिखल पूर्ण बुडत नाही, पक्षी खाडीतच थांबतात. आणि कृपा करून जवळचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवून थवा उडवू नका, हे करणारे ट्रायपॉडवाले मी पाहिलेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. सीवूड्सला उतरून रिक्षा करा, एनआरआय (तिथली एनआरआय कॉम्प्लेक्स ही वसाहत) म्हणालात की रिक्षावाल्याला समजतं. टोपी आणा, बांधावर सावली फारशी नाहीये.