जुन्या मुंबईच्या रात्री लिहून ठेवताना

प्रिय मित्रा,

मुंबईतल्या जुन्या पब आणि नाइटक्लबांच्या आठवणी गोळा करायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. साठच्या दशकात चर्चगेटला वाजवणारे वादक आणि तिथली टेबलं सांभाळणारे वेटर आता ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे आहेत. तेव्हा पाल्हाळ न लावता कामाचंच लिहितो.

वही नावांवर मांडू नकोस, पत्त्यांवर मांड. या शहरात इमारत टिकते आणि पाटी बदलते. मरीन ड्राइव्ह आणि वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावरची सूना महल घे. तिच्या तळमजल्यावर आधी 'टॉक ऑफ द टाउन' होतं, पुढे 'जॅझ बाय द बे' आलं, त्यानंतर 'पिझ्झा बाय द बे'. तीन वयांची माणसं तीन नावं सांगतील आणि तू तीन जागा शोधत बसशील. खुद्द त्या रस्त्याचंही नाव पूर्वी चर्चगेट स्ट्रीट होतं. म्हणून प्रत्येक पत्त्याला वहीत दोन समोरासमोरची पानं दे. वर इमारत, मजला आणि दार कोणत्या बाजूला उघडायचं ते लिही, खाली पाट्यांची नावं सालांसह. ज्या सालाला पुरावा नाही ते पेन्सिलीने लिही.

दुसरी किल्ली दारूबंदीची. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा समजून घेतल्याशिवाय या विषयाला हात घालू नकोस, कारण पन्नासच्या दशकातल्या आठवणी ऐकताना सगळा घोळ इथेच होतो. आज 'नाइटक्लब' म्हटलं की डोळ्यांसमोर बार येतो. त्या काळात बँड, गायिका, नाचाचा फ्लोअर आणि जेवण हे सगळं असायचं, पण पेला उघडपणे भरता येत नसे. ज्यांच्याकडे तब्येतीच्या कारणावरून मिळालेला परवाना असे, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीचे आधी कुठेतरी पिऊन यायचे, नाहीतर कोल्ड कॉफीवर संध्याकाळ काढायचे. साठच्या दशकात नियम सैल होत गेले आणि परमिट रूम वाढल्या. म्हणून कोणी '१९५५ मध्ये अमुक ठिकाणी रांगेने पेग यायचे' असं म्हणालं तर त्यांना खोटं ठरवू नकोस. परवाना कोणाचा होता आणि बाटली कुठून यायची, एवढं विचार. साल तरी सुधारेल, नाहीतर एक नवी गोष्ट हाती लागेल. याच काळातले आंटीचे अड्डे, म्हणजे घरात चोरून दारू विकणाऱ्या बायकांच्या जागा, आणि गिरणगावातले गुत्तेही तुझ्या वहीत हवेत. हॉटेलात परवान्यावर व्हिस्की घेणारा आणि हातभट्टीवर धाडीत सापडणारा एकाच कायद्याखाली जगत होते. दुसऱ्याची रात्र गाळलीस तर तुझं काम फक्त श्रीमंतांचं राहील.

आता मुलाखतीबद्दल. 'तेव्हा कसं होतं हो?' हा प्रश्न विचारू नकोस. त्याला 'काय दिवस होते ते!' हेच उत्तर येतं. दारापासून सुरू कर. आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं? बँड कोणत्या भिंतीला पाठ करून बसायचा? स्वयंपाकघराचं दार कुठे होतं? एकट्या पुरुषाला सोडायचे का? बाईमाणूस एकटी आली तर काय व्हायचं? टाय लागायचा का? कव्हर चार्ज जेवणात वळता व्हायचा का? पेग तीस मिलीचा की साठचा? आणि घरी कसे गेलात? या शेवटच्या प्रश्नाला मी फार किंमत देतो. शेवटची लोकल गाठली, चुकली की टॅक्सी केली, यावरून बंद व्हायची वेळ, माणसाची ऐपत आणि तो राहायचा ते उपनगर, हे सगळं एकदम कळतं.

समोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेव आणि नकाशा काढायला सांग. गिऱ्हाइकाला गाणी आठवतात, वादकाला वेळा आणि मानधन, पण खोलीचा नकाशा वेटरइतका कोणालाच आठवत नाही, कारण तो दर रात्री ट्रे घेऊन तिथून फिरलेला असतो. दोघातिघांना एकत्र बसवू नकोस. ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. एका बैठकीला तासभर पुरे. वादकांकडे सकाळी लवकर जाऊ नकोस, चार-पाच वाजता जा.

फोनवर ध्वनिमुद्रण करणार असशील तर तो विमान मोडवर टाक आणि दुमडलेल्या टॉवेलवर ठेव, म्हणजे टेबलावरची ठकठक येणार नाही. शक्य असेल तर पंखा बंद करायला सांग. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला स्टिरिओमध्ये साधारण एक जीबी जागा लागते. सुरुवातीलाच तारीख, जागा आणि 'हे वापरायला माझी हरकत नाही' हे त्यांच्या तोंडून घे. आणि बोलण्यात आलेल्या तिसऱ्या माणसाचं नाव, विशेषतः बाईचं, तिच्या परवानगीशिवाय कुठेही छापू नकोस. कॅबरेत नाचलेल्या कित्येकींच्या नातवंडांना ते ठाऊक नसतं.

सालं पक्की करायला ठाम खुंट्या लागतात. अमेरिकन जॅझवादक लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात १९३५ ला आला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचा अँटोनियो झेवियर वाझ, १९६७ मध्ये गेला. तेव्हा त्याला सत्तर साली ऐकल्याचं कोणी सांगितलं तर ती आठवण किमान तीन वर्षं मागे सरकव, किंवा वाजवणारा दुसरा कोणी होता का ते बघ. 'लेड झेपेलिन' या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवायला उभे राहिले ते १९७२ च्या ऑक्टोबरात. ती रात्र सांगणारे पुष्कळ भेटतील. ड्रम कोणाचे होते, आपण कुठे उभे होतो, दार कधी बंद झालं, हे प्रत्येकाला वेगवेगळं विचार आणि जुळवून बघ.

कागदही साल सांगतात. मेन्यूवर आणे असतील तर तो १९५७ च्या आधीचा, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधला. पत्ता 'बॉम्बे-२०' असा असेल तर बहुधा १९७२ पूर्वीचा, '४०० ०२०' असेल तर नक्की नंतरचा, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला आले. शहराचं अधिकृत नाव १९९५ मध्ये बदललं, पण जुनी छापील कार्डं संपेपर्यंत वापरतात हे ध्यानात ठेव. आठ आकडी दूरध्वनी क्रमांक २००२ पासूनचे. बिलावर व्हॅट दिसला तर ते २००५ नंतरचं.

फोटो ६०० डीपीआयवर टिफमध्ये स्कॅन कर, क्लबांच्या काडेपेट्यांवरची चित्रं १२०० वर. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नकोस, तो फाटतो. पानासकट वरूनच फोटो घे. काडेपेटी जपायची तर आधी काड्या काढून टाक. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली, आणि मुंबईच्या दमट हवेत ती दिसतेच, तर डेकमध्ये घालू नकोस. टेप तर खराब होतेच, शिवाय पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागते.

वादकांचा शोध धोबीतलाव आणि माझगावच्या कुडांपासून, म्हणजे गोवेकरांच्या सामूहिक वसतिगृहांपासून घे. गोव्यातल्या गावागावांच्या या कुडांमध्ये बँडवाले उतरायचे. दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला आणि रात्री हॉटेलात वाजवणारी हीच माणसं. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातला ट्रम्पेट चिक चॉकलेटचा होता, हे मराठी वाचकाला सांगितलंस की या विषयाशी त्याचं नातं लगेच जुळेल. मुलाखत त्यांच्या कोकणीत होऊ दे. समजत नसेल तर सोबत कोणाला ने, पण त्यांना इंग्रजीत बोलायला लावू नकोस.

नव्वदच्या दशकाचं काम सोपं आहे. वांद्र्याचं 'टोटोज गॅरेज', ब्रीच कँडीचं 'घेटो', जुहूचं 'रॅझबेरी ऱ्हायनोसरस' इथे जाणारे अजून कामधंद्यात आहेत, फोन करून भेटतील. फक्त लोअर परळच्या 'फायर अँड आइस'पाशी थांब. ते फिनिक्स मिलच्या आवारात होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागेवर काय आलं, हे आसपासच्या चाळींतल्या माणसांकडूनही ऐक. संगीत त्यांच्या खिडकीतही येत होतं. आणि डान्स बार या वहीत मिसळू नकोस. २००५ ची बंदी, तिच्यावरचे खटले, तिथल्या बायकांचं पोट, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, त्याला वेगळी वही हवी.

सुरुवात चर्चगेट स्टेशनच्या बाहेरून कर. आधी जवळच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं 'व्हेनिस' बघ, मग वीर नरिमन रोडने 'गेलॉर्ड', अ‍ॅम्बेसेडरमधली 'द अदर रूम' असं समुद्रापर्यंत चालत जा. आधी एक बाजू, मग दुसरी. त्या एका रस्त्याची पानं भरली की मला दाखवायला आण.

तुझा,
एक जुना मुंबईकर

ता. क. पबची अलीकडची बिलं गुळगुळीत कागदावर उष्णतेने छापलेली असतात. ती थोड्याच वर्षांत पुसट होतात आणि लॅमिनेट केली तर सबंध काळी पडतात. हाती येतील त्याच दिवशी त्यांचे फोटो काढ.