आईची दाढ काढायची आहे, बीपीची गोळी चालू आहे, दुखण्यावर कोणती गोळी सेफ?

मी डेंटिस्ट आहे. तुम्ही लिहिलंय आई ६२ वर्षांची, रोज तेल्मा एच चालू, परवा दाढ काढायची, मेडिकलवाल्याने झिरोडॉल एसपी दिलीय आणि शेजारच्या काकू म्हणतात केटोरॉल डीटी पाण्यात टाकून घ्या, लगेच थांबतं. थांबतं हो, काकूंचं खोटं नाही. पण मी तुमच्या आईला दोन्ही देणार नाही.

कारण तेल्मा एच मधला तो 'एच' म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. ते, त्याच गोळीतलं बीपीचं औषध टेल्मिसार्टन, आणि वर सुजेची पेनकिलर असं तिन्ही पोटात गेलं की किडनीला रक्त कमी पडतं, वय झालेल्यांत जास्तच, शिवाय बीपीही वर चढतं. आणि ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, झिरोडॉल, केटोरॉल ही सगळी एकाच कुळातली भावंडं, नाव बदललं म्हणून धोका जात नाही. तरण्याताठ्या माणसाला अक्कलदाढेनंतर मी स्वतः आयबुप्रोफेन (म्हणजे ब्रुफेनच) आणि पॅरासिटामॉल मिळून देतो, दाढेच्या दुखण्यावर ती जोडी खरंच भारी आहे, पण ते किडनी-पोट-हार्ट ठीक असेल तर आणि दोन-तीन दिवसच. केटोरॉल तर कुणालाच पाच दिवसांच्या वर नाही, आणि लोक स्ट्रिप घरात ठेवून महिनोन्‌महिने खातात!

आईसाठी साधी पॅरासिटामॉल ६५०, काही खाल्ल्यावर, दर सहा तासांनी, दिवसात चारच्या वर नाही, लिव्हरचा त्रास नसेल तर. पहिली गोळी भूल उतरायच्या आधीच द्या, ठणका सुरू झाला की मग आवरायला वेळ लागतो. एक बघा, सर्दीच्या गोळीत आणि कॉम्बिफ्लाममध्येही पॅरासिटामॉल असतं, नकळत डबल होतं.

इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी, चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, फक्त आधी सांगा, रक्त आम्ही कापूस दाबून, टाका घालून थांबवतो. दम्याचा त्रास, जुना अल्सर असेल तर तेही सांगा. आणि गोळी हिरडीवर ठेवायची नाही, ॲस्पिरिन ठेवून गाल भाजलेले पेशंट मी पाहिलेत.

तोंड उघडेना, ताप आला, सूज गळ्याकडे उतरली तर पेनकिलर वाढवत बसू नका, त्याच दिवशी घेऊन या. परवा येताना आईच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, 'बीपीची छोटी पांढरी गोळी' यावरून आम्हाला काही कळत नाही.