बीजाणूला नाव देण्याआधी

सूक्ष्मदर्शकाखाली जीवाश्म बीजाणू (नेच्यासारख्या वनस्पतींच्या सूक्ष्म प्रजननपेशी) ओळखताना पहिल्या स्लाइडवर एकही नाव जुळलं नाही म्हणून खट्टू होऊ नका, सगळ्यांचं तसंच होतं. सुरुवातीला एवढंच बघा:

१. व्रण. एका मातृपेशीतून चार बीजाणू तयार होतात. ते एकमेकांना जिथे चिकटलेले असतात, तिथे खूण राहते. तीन फाटे असतील तर ट्रायलीट, एकच रेघ असेल तर मोनोलीट.

२. बाह्यरेखा आणि नक्षी. गुळगुळीत, दाणेदार की काटेरी? गुळगुळीत, त्रिकोणी ट्रायलीट असेल तर आधी लायोट्रायलीटिस हे प्रजातीचं (genus) नाव बघा. घेवड्याच्या बीसारखा गुळगुळीत मोनोलीट असेल तर लेव्हिगॅटोस्पोराइट्स ही प्रजाती.

३. आकारमान. एकच नमुना मोजून थांबू नका, वीस-तीस तरी मोजा.

सगळ्यात जास्त फसवते ती घडी. दाबाने चपटलेल्या बीजाणूला सुरकुत्या पडतात. मी एकदा अशाच घडीला मोनोलीट समजून आठवडाभर चुकीची प्रजाती लिहीत होतो! फोकस हळूहळू वरखाली करा. खऱ्या ट्रायलीटचे फाटे मध्यावर नीट मिळतात. घडी वाटेल तशी धावते.

आणखी एक. लायोट्रायलीटिससारखं नाव वनस्पतीचं नव्हे, सुट्या सापडलेल्या बीजाणूच्या रूपाचं. वेगवेगळ्या वनस्पतींचे बीजाणू सारखे दिसू शकतात, त्यामुळे ‘हा अमुक नेच्याचा’ असं लगेच लिहू नका. जातीपर्यंत (species) पोचता आलं नाही तर प्रजातीवर थांबा, त्यात कमीपणा नाही. नवी जाती जाहीर करायचा मोह तर सध्या साफ सोडा.

जीवाश्म बीजाणूंची १९५४ ची पोटोनिए-क्रेम्प वर्गीकरणपद्धत, समानार्थी नावांचे (एकाच रूपाला पडलेल्या अनेक नावांचे) वाद वगैरे नंतर बघू. आधी पन्नासेक बीजाणूंची हाताने चित्रं काढा.