ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये (आधी व्हीएफएल, आता एएफएल) सर्वाधिक गोल कोणाचे?

टोनी लॉकेटचे. २८१ सामन्यांत १,३६० गोल, म्हणजे सामन्यामागे जवळपास पाच! मेलबर्नच्या सेंट किल्डा क्लबकडून १९८३ मध्ये सुरुवात, १९८७ चं ब्राउनलो पदक (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान; जॉन प्लॅटनसोबत विभागून) आणि १९९५ पासून सिडनी स्वान्स.

मला मात्र त्याचा हुकलेला गोलच जास्त आवडतो. १९९६, एसेंडनविरुद्ध, जिंकणारा थेट अंतिम सामन्यात. गुण बरोबरीत, शेवटचा भोंगा वाजलेला आणि लॉकेटची किक बाकी. गोलाचे सहा गुण हुकले, चेंडू गोलाचा खांब आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेल्याचा एक मिळाला. तेवढ्यावर स्वान्स जिंकले! अंतिम सामना मात्र हरले.

१९९९ मध्ये त्याने गॉर्डन कॉव्हेंट्रीचा १,२९९ गोलांचा जुना विक्रम मोडला, तेव्हा प्रेक्षक मैदानातच घुसले. विजेतेपद मात्र कधीच नशिबी आलं नाही.