काचेचा महाल आणि तीस बाय चाळीसचा कॅनव्हास

प्रश्न : माझी मुलगी लंडनच्या दक्षिण भागात राहते. क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल पूर्वी तिच्या घराजवळच होता. पिसारो या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या चित्राचा फोटो तिने पाठवला. यजमान रेल्वेतून निवृत्त होत आहेत, त्यांना या चित्राची हाताने रंगवलेली प्रत भेट द्यावी असं मनात आहे. एका दुकानात तीस बाय चाळीस इंचांची तैलरंगातली प्रत ऑनलाइन मिळते. घ्यावी का? आणि हे १८५१ च्या प्रसिद्ध प्रदर्शनाचंच चित्र ना?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, इमारत तीच म्हणायची, पण जागा आणि काळ वेगळा. १८५१ चं प्रदर्शन भरलं हाइड पार्कात. जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला तो लोखंड-काचेचा सांगाडा नंतर उतरवला आणि दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवर आणखी मोठा करून पुन्हा उभा केला. तो १८५४ मध्ये खुला झाला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत गेला. पिसारोचं चित्र १८७१ चं, म्हणजे टेकडीवरच्या महालाचं. फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे तो कुटुंबासह लंडनला आला होता. मागे, पॅरिसजवळच्या लुव्हसिएन गावातल्या त्याच्या घरात प्रशियन सैनिक शिरले होते आणि तिथली बरीच चित्रं नासली.

आता तीस बाय चाळीस. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, साधारण ४७ बाय साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर. म्हणजे साडेअठरा बाय एकोणतीस इंच. चांगलंच आडवं. उंची तीस इंच धरली तर रुंदी जवळजवळ सत्तेचाळीस हवी. दुकानदार चाळीसमध्ये बसवणार म्हणजे एक तर सात इंच छाटणार, नाही तर चित्र दोन्ही बाजूंनी दाबणार. आणि यात छाटायला जागाच नाही. डावीकडे महाल, उजवीकडे साधी घरं, मध्ये रुंद रस्ता, त्यावर गाड्या आणि फिरायला निघालेली कुटुंबं. जगभर गाजलेली इमारत त्याने एका कडेला सारली आणि रस्त्यावरच्या माणसांना तेवढीच जागा दिली. डावी बाजू कापली तर महाल गेला, उजवी कापली तर पिसारो गेला. मुळाच्याच मापाची, किंवा त्या प्रमाणात थोडी लहानमोठी प्रत मागा. दुकान ऐकत नसेल तर दुकान बदला.

मी स्वतः पोटापाण्यासाठी पुष्कळ नकला केल्या आहेत, त्यामुळे नक्कल करणाऱ्याचा हात कुठे घसरतो ते मला ठाऊक आहे. इथे तो महालावर घसरतो. गिऱ्हाइकाला महाल हवा म्हणून रंगवणारा काच निळीशार करतो, सांगाड्याची एकेक पट्टी मोजपट्टीने आखतो. मुळात तो महाल फिका आहे, आभाळाच्या रंगात अर्धा विरघळलेला. प्रत पाठवण्याआधी तिचा फोटो मागवा आणि आधी तिथेच बघा. महाल आभाळातून कापून काढल्यासारखा दिसला तर परत करा. रस्त्यावरच्या माणसांना नाक-डोळे काढले असतील तरीही.

दुसरा फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात घेतलेला मागा. ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून विकताना काही जण कॅनव्हासवर छापील चित्र घेतात आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. तिरप्या उजेडात ते फटकारे चित्रातल्या गाडीला, झाडाला जुमानत नाहीत, आपल्याच दिशेने जातात. घरी आल्यावर भिंगातून ठिपके दिसले तर छपाईच समजा. अशा प्रतींसाठी चीनमधल्या शेन्झेनचं दाफेन प्रसिद्ध आहे. तिथले हात कसबी असतात. वेळ मात्र त्यांना कमी मिळतो. तुमच्याकडे मिरज-सांगलीत किंवा कोल्हापुरात तैलरंगात काम करणारा कुणी भेटला तर मी त्यालाच काम देईन. शिकागोचं संग्रहालय या चित्राची मोठी, स्पष्ट प्रतिमा मोफत देतं, आणि पिसारो १९०३ मध्ये वारल्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. फक्त मागच्या बाजूला ‘प्रत’ असं लिहून चित्रकाराने स्वतःची सही करावी.

तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आत महिनोन्‌महिने ओला असतो. व्हार्निशची घाई नको, सहा महिने ते वर्ष थांबा. गुंडाळून आलं तर रंगाची बाजू बाहेर असायला हवी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, मागे बुरशी येते.

एक मात्र सुचवतो. यजमान रेल्वेतले, तर त्याच वर्षी, त्याच परिसरात पिसारोने ‘लॉर्डशिप लेन स्टेशन, डलिच’ हे चित्र काढलं. ते लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात आहे. खोलगट भागातून वाफेचं इंजिन थेट आपल्याकडे येतंय, दोन्ही बाजूंना मोकळे उतार, माणूस एकही नाही. महालाला जाणाऱ्या प्रवाशांसाठीच तो फाटा टाकला होता. १९५४ मध्ये तो बंद झाला. मापही जवळपास सारखंच. मुलीला सांगा, एखाद्या रविवारी मूळ चित्र बघून ये, आणि सिग्नलचा रंग नीट बघून कळव; फोटोत तो नेहमी चुकतो.