यंत्र-प्रश्नोत्तरे : रोटरची चेन, पेरणी यंत्राची चेन

प्रश्न : उसाचा खोडवा मोडताना आमच्या रोटरची (रोटाव्हेटरची) बाजूची चेन कव्हरला घासून खडखडू लागली. मेकॅनिकने एक कडी काढून हाफ लिंक (वाकड्या पट्ट्यांची जोडकडी) बसवली. पंधरा दिवसांत तीच तुटली. आता नवी चेन घ्यावी का? — एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : चेन घेण्याआधी जुनी मोजा. ‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणत नाहीत. पिन आणि बुश (पिनीवरची नळी) एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा पडते आणि साऱ्या सांध्यांची मिळून चेन लांब होते. अशा चेनची कडी काढली तर ती आखूड होईल, झीज मात्र तशीच राहील. हाफ लिंकच्या पट्ट्या वाकड्या असतात, ओढ आली की त्या वाकणाशीच लवतात. खोडव्याच्या बुडख्यांचे दणके त्यांना सोसत नाहीत. कडी काढायचीच असेल तर दोन काढा, म्हणजे हाफ लिंकची गरजच पडत नाही. तेही चेन मापात असेल तरच.

माप असे घ्या. चेन डिझेलने धुऊन फळीवर ताणून ठेवा. पहिल्या पिनीच्या डाव्या कडेपासून तेराव्या पिनीच्या डाव्या कडेपर्यंत टेप धरा, म्हणजे १२ कड्या होतात. सव्वा इंची चेन (दोन पिनींमधले अंतर सव्वा इंच) नवी असताना हे अंतर ३८१ मिलिमीटर असते, एक इंचीचे ३०५ आणि पाऊण इंचीचे २२८.६. दोन टक्के वाढ झाली की चेन बदलायची. म्हणजे अनुक्रमे ३८८.५, ३११ आणि २३३ मिलिमीटर. दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

आता स्प्रॉकेटकडे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राकडे बघा. लांबलेली चेन दातांच्या टोकाकडे चढून चालते आणि दात एका बाजूने खाऊन आकड्यासारखे करते. अशा दातांवर नवी चेन घातली तर कडी दातात अडकते, वेळेवर सुटत नाही आणि नवी चेनही लवकर जाते. दात आकडा झाले असतील तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला. खर्च वाटेल, पण नुसती चेन बदलून तो टाळता येत नाही. नवे स्प्रॉकेट बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कापून घेणार असाल तर दात कडक करून, म्हणजे हार्डनिंग करूनच मागा. मऊ दात लवकर झिजतात.

उघडताना इंजिन बंद करा, किल्ली काढा, पीटीओचा (ट्रॅक्टरमधून यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टचा) जॉइंट सोडवा आणि रोटरखाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही हात घालू नका. चेनकेसमधले (चेनच्या बंद पेटीतले) ऑइल गरम असतानाच सांडा, गाळ त्याबरोबर निघतो. चेनला लॉकची कडी असेल तर ती स्प्रॉकेटवर आणून खोला. दोन्ही टोके दातांनी धरलेली राहतात, चेन निसटत नाही. पत्र्याची क्लिप असेल तर बसवताना तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवे, उलटी बसली तर कव्हरला लागून निघून जाते. चेन अखंड असेल तर दोन्ही स्प्रॉकेट चेनसकट एकत्र ओढून काढावे लागतात.

दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून बघा. दोन शाफ्टमधले अंतर ५० सेंटिमीटर असेल तर मध्यभागी चेन एकूण १ ते २ सेंटिमीटर हलली पाहिजे. पूर्ण फेरी फिरवून जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथे हे तपासा. तटतटीत चेन आधी बेअरिंग खाते. शेवटी ९० नंबरचे गिअर ऑइल लेव्हल प्लगमधून (पातळी दाखवणाऱ्या बुचातून) ओघळेपर्यंत भरा. ग्रीस भरू नका. ते पिन आणि बुशच्या फटीत शिरत नाही आणि चेन आतून कोरडीच राहते.

प्रश्न : खानापूर भागात भाताच्या चिखलणीनंतर चेनकेसमधले ऑइल ताकासारखे पांढरे झाले आहे. — एक वाचक

उत्तर : पाणी शिरले आहे. रोटर शाफ्टचे ऑइल सील बघा. पेंढा, काथ्या किंवा तार शाफ्टला गुंडाळली की ती सीलची कड कापते, म्हणून चिखलणीत रोज संध्याकाळी गुंडाळलेले सगळे काढा. नुसते ऑइल बदलून भागणार नाही. आधी सील बदला, मग थोडे डिझेल घालून चेनकेस धुवा, ते पूर्ण निथळू द्या आणि नवे ऑइल भरा. पांढऱ्या ऑइलवर आणखी चार दिवस चालवण्याचा मोह टाळा. पिनींना गंज धरला की कड्या आखडतात.

प्रश्न : शाळू पेरणीच्या यंत्राच्या उघड्या चेनला जळके ऑइल चालेल का? — एक वाचक, अथणी तालुका

उत्तर : नको. त्यात इंजिनची काजळी आणि धातूचे कण असतात, वर शेतातली धूळ चिकटते आणि पिनींना पॉलिश पेपरसारखी घासते. नवे ९० नंबरचे ऑइल घ्या. चेन हाताने फिरवत तिच्या आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या फटीत, प्रत्येक सांध्याला एकेक थेंब सोडा. दहा मिनिटांनी बाहेरचे ऑइल फडक्याने पुसा. खत पेटीचे यंत्र असेल तर ज्या दिवशी खत पेरले त्याच संध्याकाळी चेन पाण्याने धुऊन, वाळवून ऑइल द्या. युरिया आणि डीएपीची भुकटी दमट हवेत पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज चढतो. हंगाम संपला की चेन काढून, ऑइलमध्ये बुडवून निथळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.